तबकातल्या पिना

अक्काचा हात सहज अंबाड्याकडे गेला आणि तिथेच थांबला. तिने पुन्हा चाचपून पाहिलं. डावीकडची पिन नव्हती.

समोर जुन्या मालगाड्यांच्या रुळावर निळा डबा उभा होता. उभा म्हणजे अधांतरी. चाकं वर घेतलेली, आणि डब्याच्या पोटातली चुंबकं व रूळ यांच्यामध्ये बोटभर पोकळी. आज त्यात पहिल्यांदा माणूस बसला होता, आणि तो माणूस अक्काचा धाकटा भाऊ होता. आधी तो मालगाडी चालवायचा. अक्कानेच शब्द टाकून त्याला या छोट्याशा कंपनीत आणलं, आणि तो हाक मारतो म्हणून सगळेच तिला अक्का म्हणू लागले.

कार्यशाळेच्या दारात एक लाकडी तबक असे. डब्याजवळ जाणाऱ्याने किल्ल्या, पट्टा, पिना, अंगावरचं सगळं लोखंड त्यात काढून ठेवायचं. "अक्का, डोकंही ठेवा की इथे, तेही लोखंडाचंच आहे," असं म्हणत पहारेकरी रोज तिला चिडवायचा. आज पाहुणे यायच्या गडबडीत ती तबकाकडे न वळताच डब्याखाली सरकली होती. अंतर मोजणारा डोळा पुसायचं काम तिचं. त्या डोळ्यापाशी पिन चिकटली असेल तर रुळापासूनचं अंतर तो चुकीचं मोजणार. डबा उभा असताना ते कळायचंही नाही. वेग घेतला की मात्र तो रुळावर आपटणार.



पाहुण्यांशेजारी बाई उभ्या होत्या. कंपनी त्यांची. आजची फेरी फसली तर रेल्वेवाले रूळ परत घेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अक्कानंतर डब्याखाली वाकून शेवटची नजर त्यांनी स्वतः टाकली होती. आता त्यांचा हात राहून राहून मानेवरच्या केसांच्या गाठीकडे जात होता. एवढ्या खंबीर बाई, त्याही आज धास्तावल्यात, असं अक्काला वाटलं आणि तिची जीभ आणखीच जड झाली. पिन घरीच राहिली असेल. वाटेत पडली असेल. ती देवाचं नाव घ्यायला गेली, तर रोज ओठांवर असणारं नावही आठवेना.

भावाने काचेआडून तिला हात केला. हिरवा बावटा वर गेला.

"थांबवा," अक्का म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की शेजारच्यानेही वळून पाहिलं नाही. मग ती सरळ चालत जाऊन रुळांच्या मधोमध, डब्यासमोर उभी राहिली.

बावटा खाली आला. डब्याखाली शोधल्यावर पिन सापडली. डोळ्याच्या अगदी कडेला, साधी काळी पिन, कुणाच्याही केसांत असते तशी. अक्काने तळहात पुढे केला.

"माझी चूक झाली, बाई."

बाईंनी पिन उचलली आणि मूठ मिटली. बराच वेळ त्या मुठीकडेच बघत राहिल्या. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या की आमच्या एका माणसाकडून नियम मोडला गेला, फेरी उद्या सकाळी घेऊ.

घरी जाताना बसमध्ये भावाने चेष्टा केली, "मला संपवायचंच होतं तर एवढा खटाटोप कशाला? तुझ्या हातचं जेवण काय कमी पडलं असतं?" पण हसता हसता त्याने समोरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि उतरेपर्यंत सोडला नाही.

जेवणं झाल्यावर अक्काची मुलगी बाहुलीला घेऊन शेजारी येऊन बसली. बाहुलीच्या लोकरीच्या केसांत काळी पिन खोचलेली होती.

"ही कुठून आणलीस गं?"

"तुझ्या उशीवर होती. सकाळी."

अक्काने ती पिन काढून घेतली. आपल्या बाकीच्या पिनांशेजारी ठेवली. सगळ्या होत्या. तिला मानेवरच्या गाठीकडे राहून राहून जाणारा बाईंचा हात आठवला.

"उद्या काही भीती नाही," भाऊ हात पुसत म्हणाला. "बाई स्वतः खाली वाकून बघतात म्हणून तर मी त्यात बसायला तयार झालो."

अक्का ताटं उचलू लागली. 

सकाळी तिने तबकात एकेक पिन ठेवली. शेवटच्या पिनेला लोकरीचा धागा चिकटलेला होता. तिने तो तसाच राहू दिला. मागून पावलं वाजली. पहारेकऱ्याने थट्टा करायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाईंचे केस मानेपर्यंत कापलेले होते, वेडेवाकडे, आपल्याच हाताने आरशात बघून कापल्यासारखे.

बाईंची नजर तबकातल्या पिना मोजल्यासारखी फिरली आणि त्या धाग्यापाशी थांबली. मग त्यांनी भावाला सांगितलं की आज त्याही आत बसणार आहेत.

"बाई, मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच." मग त्या अक्काकडे वळल्या, पण नजर वर न करता. "खालून बघून घे."

"बघितलं बाई."

"पुन्हा बघ. मी बसल्यावर."

अक्का पाठीवर झोपून डब्याखाली सरकली. वर बाईंची पावलं आली आणि थांबली. अधांतरी डबा तिच्या तोंडावर किंचित झुकला, मग सावरला. डोळा स्वच्छ होता. तिने तो तरीही पुसला, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा पुसला. बाहेर येऊन "चला" म्हणायला तोंड उघडलं, तर आवाज कालच्यासारखाच बारीक निघाला. आतून बाई मात्र तिच्या ओठांकडेच बघत होत्या.