आतली बोली

कुणाचं मन कशावर आहे हे ज्याला सगळ्यांच्या आधी कळतं, तो माणूस सुखी असेल असं वाटतं ना? मला विचारा. मी व्हायोलेट मंडळाची वेबसाइट सांभाळते.

मंडळ म्हणजे खिडकीत व्हायोलेटच्या कुंड्या वाढवणारी हौशी माणसं. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या मागच्या खोलीत सभा, आणि त्याआधी आठवडाभर वेबसाइटवर लिलाव. सभासद आपापल्या रोपांचे फोटो मला पाठवतात. मी ते कापून, उजळून वर चढवते, मग बोली लागते. आपण जास्तीत जास्त किती देणार तो आकडा प्रत्येकाने एकदाच लिहून ठेवायचा. याला आम्ही आतली बोली म्हणतो. वेबसाइट तो आकडा झाकून ठेवते आणि समोरून दुसरा कुणी चढला, तरच तुमच्या वतीने एकेक पायरी वर जाते. दुसरा कुणी आलाच नाही, तर रोप सुरुवातीच्या भावात तुमचं. बाकीच्यांना फक्त पायरी दिसते. आतला आकडा दिसतो एकट्या मला.

म्हणून आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी, दोन नियम घातले. वेबसाइट सांभाळणाऱ्याने स्वतः बोली लावायची नाही, आणि जे दिसलं ते घरीसुद्धा बोलायचं नाही. अळीमिळी गुपचिळी. "तुमच्या पोटात राहील म्हणून तर तुमच्याकडे दिलंय," मास्तर म्हणाले होते.

पोटात राहतं हो. पण पोटात दुखायला लागलं तर काय करायचं, ते मास्तरांनी सांगितलं नव्हतं.

गेल्या लिलावात बेकरीवालीचं एक रोप आलं. बेकरीवाली म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी एकटीने बेकरी चालवणारी बाई. नवरा वारल्यावरही तिने भट्टी एक दिवस थंड पडू दिली नाही, असं सगळे कौतुकाने सांगतात. कोपरापर्यंत पिठाने माखलेले हात, आणि हसणं असं की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कळावं. तिचं रोप मात्र नजर लागावी असं होतं. पानं गोल, एकावर एक नीट रचलेली, आणि मधोमध न उमललेल्या कळ्यांचा झुबका. माहितीत तिने लिहिलं होतं, 'नाव फूल उमलल्यावर सांगेन.' काय तो नखरा! मी जीभ आवरून तसंच्या तसं चढवलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात जायच्या आधी मी सवयीने बोल्या उघडल्या. चष्म्याच्या दुकानात मी काचा बसवते, त्यामुळे बारीक आकड्यांची नजरेला सवय आहे. तरी मला तो आकडा दोनदा वाचावा लागला. बेकरीवालीच्या रोपावर एकच आतली बोली होती, आणि ती इतकी मोठी की तेवढ्यात मंडळातल्या निम्म्या कुंड्या घरी आल्या असत्या. बोली लावणाऱ्याचं नाव वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

माझा नवरा!

हा माणूस लिफ्ट दुरुस्त करतो आणि खिशाला हात लावायचा तर आधी दहा वेळा विचार करतो. चपलेचा अंगठा तिसऱ्यांदा शिवून आणलाय त्याने. मंडळात नाव घातलं तेही सभासद कमी पडत होते म्हणून, मी मागे लागल्यावर. वर्षभरात एकदा म्हणून बोली लावली नव्हती. आणि आता लावली ती बेकरीवालीच्या कुंडीवर!

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. हल्ली ब्रेड आणायला हाच जातो. ब्रेड आणायला गेलेला माणूस अर्धा-अर्धा तास येत नाही. परवा शर्टाच्या बाहीला पीठ होतं, तर म्हणे काउंटरला टेकलो होतो. मी खुळी, ब्रशने झटकून दिलं.

जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, या वेळी लिलावात कुणाची रोपं बरी आहेत?"

"मी कुठे बघतो?" तो ताटातून मान वर न करता म्हणाला. "ते खातं तुझं."

"नाही, म्हटलं एखादं आवडलं असेल."

"तू बघतेस ना सगळं? मग झालं." आणि चक्क मिशीतल्या मिशीत हसला.

तिथेच भांडले असते. पण नियम! आकडा मला दिसला हे तोंडातून काढायची सोय नाही. शिवाय खरं सांगू, मला भीती वाटत होती. विचारलं आणि त्याने हो म्हटलं तर? लग्नाला इतकी वर्षं झाली, याने माझ्यासाठी कधी असा हात सैल सोडलेला मला आठवत नव्हता. माझं स्वतःचं शाईडाग मेलं तेव्हासुद्धा 'दुसरं लाव' एवढंच म्हणाला होता.

शाईडाग माझंच. दोन रोपांचा संकर करून मी ते काढलं होतं. पांढऱ्या पाकळीवर कुणी दौत सांडावी तसा निळा डाग. मंडळाची वेबसाइट उभी करायच्या नादात मी त्याला पाणी घालायला विसरले, मग आठवल्यावर घाबरून भरभरून घातलं. मुळं कुजली. त्यानंतर मी खिडकीत कुंडी ठेवली नाही. दुसऱ्यांच्या रोपांचे फोटो उजळत बसले.

त्याच हातांनी मी पुढचं केलं. बेकरीवालीच्या रोपाचा फोटो उघडला आणि काळपट केला. थोडा पिवळा रंग चढवला, कडेची गोल पानं कापून टाकली, कळ्या अंधारात घालवल्या. रोप असं दिसायला लागलं की पाहणाऱ्याने आधी औषध विचारावं. मग ते यादीत सगळ्यांत खाली टाकलं. घे म्हटलं, कर आता नखरा.

फोटो बदलल्यावर त्या रोपाकडे कुणी फिरकलंच नाही. मी रोज उघडून बघत होते आणि मनात गारवा वाटत होता. लिलाव संपला, निकाल आला, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भाव वाढवतो तो दुसरा बोली लावणारा. ही पद्धत नव्या सभासदांना समजावून सांगते ती मीच. आणि दुसऱ्यांना हाकलून लावलं तेही मीच. नवऱ्याला ते रोप सुरुवातीच्या भावात, जवळजवळ फुकट मिळालं होतं. तिची वस्तू मी स्वतः याच्या ताटात वाढली होती.

सभेच्या दिवशी बेकरीवाली ते रोप ब्रेडच्या खोक्यात घालून घेऊन आली. तिने झाकण काढलं आणि खोलीत कुजबुज सुरू झाली.

"अरे, हे तेच?" मास्तरांनी चष्मा वर केला. "फोटोत तर मरायला टेकलं होतं!" मग माझ्याकडे वळले. "फोटो असा कसा लागला हो?"

मी काही बोलायच्या आत बेकरीवालीच म्हणाली, "माझा मोबाइल जुना आहे, मास्तर. त्या काय करणार? जसा आला तसा लावला."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्याने खोकं उचललं, सगळ्यांच्या देखत माझ्यासमोर आणून ठेवलं. त्या झुबक्यातली एक कळी उमलली होती. पांढऱ्या पाकळीवर निळा डाग.

मला काही दिसेनासं झालं. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या बाईला नंबर वाढला असेल, असं म्हणायचीही सोय नव्हती.

घरी जाताना खोकं त्याच्या हातात होतं. कोपरा वळल्यावर तो बोलायला लागला.

"तिच्या खिडकीत शाईडाग दिसलं एकदा. विचारलं, तर म्हणाली, 'तुमच्या बायकोनेच दिलेल्या पानाचं आहे. मी मंडळात पहिल्यांदा आले, कुणी ओळखत नव्हतं, तेव्हा त्यांनी शेजारी बसवून घेतलं आणि पान हातात ठेवलं. ते मातीत लावलं, त्याला पिल्लं फुटली.'"

मी हे साफ विसरले होते.

"ती तर तसंच देत होती. मीच म्हटलं, लिलावात टाका."

"का पण? आणि एवढा मोठा आकडा?"

"आतली बोली तुझ्याशिवाय कुणाला दिसते का? तोंडाने बोलायला मला जमत नाही, ते तुलाही माहीत आहे. म्हटलं, आकडा बघशील, माझं नाव बघशील, आणि समजशील, हा वेडा माझ्यासाठी काहीतरी करतोय. रोज वाट बघत होतो, आज विचारशील, उद्या विचारशील."

"विचारलं की मी!"

"तू 'कुणाची रोपं बरी आहेत' असं विचारलंस." त्याने खोकं या हातातून त्या हातात घेतलं. मग म्हणाला, "आणि फोटो तिच्या मोबाइलवर नव्हता काढलेला. तिच्या खिडकीत, चांगला उजेड बघून मी काढला होता. तिला पाठवला, तिने तुला पाठवला."

म्हणजे फोटो मी बिघडवला हे त्याला तेव्हापासूनच माहीत होतं. तिलाही माहीत होतं. आणि भर सभेत ती माझ्यासाठी खोटं बोलली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि लाज वाटत असतानासुद्धा आत कुठेतरी जळत होतंच. जे माझ्या हातून मेलं ते तिच्या हाती जगलं, आणि वर माफ करायलाही तीच पहिली!

सकाळी मी बेकरीत गेले. गिऱ्हाईक पांगेपर्यंत बिस्किटांच्या बरण्या बघत उभी राहिले. मग एका दमात सांगून टाकलं, "फोटो मी काळा केला. मला वाटलं, तुमचं आणि ह्यांचं..."

बेकरीवालीने हातावरचं पीठ झटकलं आणि ते गल्लीभर ऐकू जाणारं हसू हसली.

"नुसता फोटोच ना?" ती म्हणाली. "माझा नवरा असता आणि त्याने तुमच्या रोपावर एवढी बोली लावली असती, तर मी येऊन कुंडी फोडली असती."