कोट मिरजेत उतरला

गुरुवारी सकाळी सव्वाअकरा वाजता जतहून आलेली एसटी सांगली स्थानकात फलाटाला लागली. गाडीत समीक्षा खरात हिचा डबा होता. कोट नव्हता.

समीक्षा एमबीएच्या शेवटच्या सत्रात शिकते. परीक्षा झाली आहे, प्रकल्पाची तोंडी झाली आहे, विश्रामबागेतली खोली महिनाअखेरीस सोडायची आहे. राहिली होती ती नोकरी. त्या दिवशी दुपारी अडीच वाजता कॉलेजात मुलाखती होत्या. कंपनी शीतगृहांची, जागा सातारा जिल्ह्यात, वाईजवळ. या वर्षी कॉलेजात येणारी ही शेवटची कंपनी होती आणि समीक्षाला अजून कुणी घेतलेलं नव्हतं. कॉलेजचा निळा कोट अंगात असल्याशिवाय मुलाखतीच्या खोलीत सोडत नाहीत, हा तिथला नियम.

कोट गावी गेला होता, कारण त्याचं आतलं अस्तर बाहीपाशी फाटलं होतं. सांगलीतल्या शिंप्याने आठवड्याचा वायदा केला. आई फोनवर म्हणाली, "हितं पाठव. आप्पासो एका रातीत करून देतोय." आप्पासो हे गावातले टेलर. कोट सोमवारी रिकाम्या डब्याबरोबर गेला आणि गुरुवारी भरलेल्या डब्याबरोबर परत यायचा होता.

डब्याची पद्धत या भागात नवी नाही. शिकायला सांगलीत राहिलेल्या मुलांचं जेवण गावाकडून एसटीने येतं. आई सकाळी फाट्यावर उभी राहते, गाडी थांबते, डबा चालकाच्या सीटमागे जातो. स्थानकात मुलं वाट पाहत असतात. प्रत्येकाच्या पिशवीचा रंग वेगळा. समीक्षाची पिशवी खताच्या गोणीची, हिरव्या पट्ट्यांची, आईने घरी शिवलेली. दोन वर्षं ती बहुतेक रोज आली.

गाडीच्या वाहक राणीताई दारातून उतरल्या. त्यांनी पिशवी तिच्या हातात दिली.

"आन् कोट?" समीक्षाने विचारलं.

"कोट मिरजेत उतरला."

"म्हंजे?"

"म्हंजे म्हातारीच्या अंगावर बसून उतरला." राणीताईंनी तिकिटाचं मशीन काखेत धरलं. "कवठ्याला एक म्हातारी चढली, लेकाच्या खांद्यावर. थंडी वाजून ताप. दात वाजत हुते तिचं. मे महिन्यात गाडीत पांघरायला कुणापाशी काय असतंय? टॉवेल निघालं तीन-चार. तुझा कोट हुकाला अडकवला हुता. घातला तिला."

"बरं केलं."

"ते बरं केलं. फुडचं आईक. मिरजेत तिला रिक्षात बसवली, घंटी मारली, आन् गाडी सांगलीच्या रस्त्याला लागल्यावर मला हुक मोकळा दिसला." त्यांनी मशीन दुसऱ्या काखेत घेतलं. "शिव्या घालायच्या असतील तर घाल. पर लवकर घाल, मला कंट्रोलरकडं एंट्री करायची हाय."

समीक्षाने शिव्या घातल्या नाहीत. कुठला दवाखाना, एवढंच विचारलं. ते राणीताईंना माहीत नव्हतं. पण म्हातारीच्या मुलाने परतीच्या गाडीची वेळ विचारण्यासाठी त्यांना मिस कॉल देऊन ठेवला होता. त्याचं नाव तानाजी. त्याने फोन उचलला, पत्ता सांगितला आणि वर माफी मागितली.

पावणेबारा होत होते. समीक्षा डब्यासह मिरजेच्या शहर बसमध्ये चढली.

तिला राग आला नव्हता असं नाही. पण तो राणीताईंवर धरता येईना. गेले पंधरा दिवस ती एकाच विचारात होती, की डबा बंद होण्याआधी या बाईंचे आभार मानायचे कसे. साडी द्यावी तर मोठं होतं, पेढे द्यावेत तर कमी. आईला विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, "दर दिवाळीला फराळाचा डबा जातोय तिला. पंचमीला लाह्या जात्यात. तुला कोण सांगतंय?" म्हणजे आपल्या नकळत हा व्यवहार दोन वर्षं चालू होता. समीक्षाला तेव्हा थोडं कमीपण वाटलं होतं आणि पुष्कळ बरंही.

पहिल्या वर्षी मगदूम सरांनी वर्गात पुरवठा साखळीचं उदाहरण विचारलं होतं. कुणी मोटारी सांगितल्या, कुणी औषधं. समीक्षाने डबा सांगितला. वर्ग हसला, सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर चौकोन काढले: आई, फाटा, गाडी, स्थानक, मुलगी. मधे बाण. मग विचारलं, "यात जबाबदारी कुणाची? डबा हरवला तर कुणाला धरणार?" समीक्षाला सांगता आलं नव्हतं. पावती नाही, करार नाही. राणीताई रजेवर असतात तेव्हा दुसरा वाहक असतो, तोही डबा आणतो. एकदा गाडी बिघडली तेव्हा एका अनोळखी ट्रकवाल्याने चार डबे स्थानकात आणून दिले होते आणि नाव न सांगता गेला होता. सर म्हणाले, "म्हणजे ही साखळी कागदावर उभीच राहत नाही," आणि फळा पुसला.

दवाखाना स्टेशनच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. मिरजेतल्या दवाखान्यांतून फिरणाऱ्या कुणालाही ओळखीचा असलेला तो वास तिला जिन्यातच आला. तानाजी वॉर्डाच्या दारात उभा होता. पस्तिशीचा, पायात धुळीने पांढऱ्या पडलेल्या वहाणा, हातात एक्स-रेची पिशवी.

"आवं ताई, चुकलंच आमचं," तो म्हणाला. "घरात चार घोंगडी पडल्यात. मेंढरांमागं आख्खा जन्म गेला आईचा, घोंगड्याबिगर कवा भाईर पडली न्हाई. आन् आज गडबडीत तेवढंच राह्यलं."

"असू दे. आमच्या आजोबांचीबी मेंढरं हुती," समीक्षा म्हणाली. "बरं हाय का त्यास्नी?"

"सलाईन लावलंय. या की."

सुलाबाई भिंतीकडच्या खाटेवर होत्या. अंगावर दवाखान्याची चादर, चादरीखाली कॉलेजचा निळा कोट, दोन्ही हात बाह्यांत. डाव्या बाहीतून पंजा बाहेर आला होता आणि पंजाच्या मागच्या बाजूला सुई चिकटवलेली होती.

"नर्सबाई, तेवढा कोट काढा की ओ," तानाजी म्हणाला. "ह्यांचा हाय. परीक्षा हाय त्यांची."

परिचारिकेने समीक्षाकडे पाहिलं. "बाटली बाहीतून ओवून कोट काढता येतो, नाही असं नाही. पण पाच ठिकाणी टोचल्यावर ही शीर सापडली आहे. हात हलवू नका म्हणून डॉक्टर आत्ताच सांगून गेलेत. ही बाटली संपली की काढून देते."

"किती वाजतील?"

"पाच, साडेपाच."

तानाजी खाली मान घालून उभा राहिला. तेवढ्यात सुलाबाईंनी डोळे उघडले.

"कुणाची गं तू?"

"आजी, कोट माझा हाय."

"व्हय?" म्हातारीने उजव्या हाताने बाही चाचपली. "लय ऊब हाय गं. कुटल्या मेंढराची लोकर?"

"लोकर न्हाई, आजी. पॉलिस्टर हाय."

"मग ऊब कुटनं आली?"

"आतनं नवं अस्तर लावलंय. आमच्या गावच्या टेलरनं."

"चांगला माणूस," सुलाबाई म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटले.

कोट तिथेच ठेवायचा, हा निर्णय असा घ्यावा लागलाच नाही. समीक्षाने घड्याळ पाहिलं, मग तानाजीला विचारलं, "सकाळपास्नं काय खाल्लंय?" तो चहा म्हणाला. तिने खिडकीच्या कट्ट्यावर डबा सोडला. ज्वारीच्या भाकरी होत्या, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि एका पुडीत गुळाचा खडा. मुलाखतीला जाताना तोंडात टाकायचा, म्हणून. भाकरी नेहमीपेक्षा दोन जास्त होत्या. आई अशा दिवशी जास्त भाकरी पाठवते, तिला वाटतं पोरगी काळजीने जास्त जेवते. दोघांनी जेवून घेतलं. गूळ समीक्षाने निम्मा केला.

"तुमची नोकरी गेली तर?" तानाजीने विचारलं.

"आजून लागलीच न्हाई. जाईल कुटनं?"

तो हसला. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच हसला असावा, कारण शेजारच्या खाटेवरच्या बाईने वळून पाहिलं.

समीक्षा कॉलेजात पोहोचली तेव्हा अडीच वाजायला थोडा वेळ होता. तिने बसमधूनच कोटासाठी शिवांजलीला फोन केला होता. शिवांजली पाटील तिची वर्गातली मैत्रीण, कराडकडची, तिच्यापेक्षा वीतभर उंच. तिचा नंबर समीक्षाच्या आधी होता. तिची मुलाखत झाल्यावर ती खोलीतून बाहेर आली आणि चालता चालताच कोट उतरवू लागली.

"घाल. घामानं ओला आहे, सांगून ठेवते. आत एसी लावला नाही मेल्यांनी."

"कशी झाली?"

"माझं सोड. बाह्या दुमड. दुमडू नको, वाईट दिसतं. हात टेबलाखाली ठेव."

"जागा एकच आहे, शिवा," समीक्षा म्हणाली.

"माहीत आहे मला. जा."

आत दोघं होते: पुण्याहून आलेले एक अधिकारी आणि वाईच्या शीतगृहाच्या व्यवस्थापक बाई. अधिकाऱ्यांनी अर्ज पाहिला, मग समीक्षाच्या छातीकडे पाहिलं. कोटावर नावाची पट्टी होती.

"तुम्ही समीक्षा खरात की शिवांजली पाटील? शिवांजली पाटील आम्ही आत्ताच पाहिल्या."

"मी समीक्षा. कोट तिचा आहे, सर."

"तुमचा कुठे आहे?"

"मिरजेत. सलाईन लावलेल्या एका आजींच्या अंगात आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. समीक्षाने झालेलं सगळं सांगितलं, न वाढवता. डबा, फाटा, राणीताई, सुई. हात टेबलाखाली ठेवायला ती विसरली.

"गंमत अशी आहे," अधिकारी म्हणाले, "की आम्हाला माल वेळेत पोहोचवून घेणारं माणूस हवं आहे. वाईहून स्ट्रॉबेरी निघाली तर ती पोहोचली पाहिजे. आणि तुम्ही स्वतःचा माल डोळ्यांनी पाहून तिथेच सोडून आलात."

"सलाईन संपायला साडेपाच वाजले असते, सर."

"ओढून काढला असता तर?"

"तर मी माझ्या नावाच्या कोटात आले असते. नोकरीबद्दल विचारलं असतंत तर उत्तर तयार असतं. त्या आजींबद्दल विचारलं असतंत तर नसतं."

अधिकारी अर्जाकडे पाहू लागले. बाईंनी विचारलं, "या डब्याच्या व्यवस्थेत जबाबदार कोण?"

हा प्रश्न समीक्षाला दुसऱ्यांदा आला होता.

"मला माहीत नाही, मॅडम. एकाचं नाव घेता येत नाही. आज पहिल्यांदा त्यातली वस्तू पोहोचली नाही, तेव्हा वाहकबाईंनी स्वतःच सांगितलं की माझ्याकडून राहिली. मी तक्रार करायच्या आधी. मला वाटतं, दोन वर्षं डबा त्यामुळेच येत असेल."

बाईंनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते समीक्षाला दिसलं नाही. त्यांनी आणखी वाहतुकीच्या खर्चाबद्दल विचारलं, तापमानाबद्दल विचारलं. एका उत्तरात ती अडखळली. यादी संध्याकाळी सहापर्यंत लावतो, असं सांगून त्यांनी तिला सोडलं.

सहाला यादी लागली नाही. सातला कॉलेजचं कार्यालय बंद झालं.

रात्री आईचा फोन आला. राणीताईंनी परतीच्या फेरीत फाट्यावर गाडी थांबवून तिला सगळं सांगितलं होतं.

"म्हातारी बरी हाय का?" आईने पहिल्यांदा विचारलं.

"ताप उतरलाय म्हनं. तानाजीदादांचा फोन आल्ता. उद्यापतोर ठेवनार हायेत."

"मग कोट ऱ्हाऊ दे उद्यापतोर. अस्तर ऊब धरतंय का?"

"धरतंय म्हनाली."

"आप्पासोला सांगते. खूश हुईल." मग आईने विचारलं, "नोकरीचं?"

"कळलं न्हाई आजून."

"कळंल. आन् आयकलीस का, डबा म्हैनाअखेरपतोर पाठवू, का मधीच बंद करू? वाईला गाडी जाती का गं हिकडनं?"

समीक्षाने नकाशा उघडला. जतहून वाईला थेट गाडी तिला सापडली नाही. साताऱ्यात बदलावी लागेल. म्हणजे आणखी एक वाहक, आणखी एक स्थानक. तिने हे आईला सांगितलं नाही, कारण आईने दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या वाहकाचा नंबर शोधायला सुरुवात केली असती. ती एवढंच म्हणाली, "म्हैनाअखेरपतोर पाठव, आई."

शुक्रवारी सकाळी कार्यालय उघडलं. शिवांजली आणि समीक्षा फलकासमोर एकत्र गेल्या. फलक रिकामा होता. कंपनीच्या सातारा कार्यालयातून यादी यायची आहे, असं लिपिकाने सांगितलं. शनिवारी निरोप समारंभ आहे आणि त्याला कोट लागतो. समीक्षाचा कोट सुलाबाईंच्या उशाशी घडी करून ठेवला आहे, असा तानाजीचा निरोप होता. ती दुपारी मिरजेला जाणार आहे.

साडेदहाला राणीताईंचा फोन आला. गाडी कवठ्याहून सुटली होती. डबा चालकाच्या सीटमागे होता आणि तो आज दोन माणसांचा होता, समीक्षाचा आणि तानाजीचा.