शेवटची बारा मिनिटं

मी ड-१ बोलतेय. नाव म्हणाल तर एवढंच, पाठीवरच्या छोट्या पितळी बिल्ल्यावर कोरलेलं. थिएटरातल्या ड रांगेतली पहिली खुर्ची, बाहेर जायच्या दाराला अगदी लागून. आता मी थिएटरात नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, टीव्हीसमोर आहे. माझ्यावर कुणी बसलेलं नसलं की माझी बैठक आपोआप वर मिटते, आणि या घरात ती कितीतरी महिने मिटलेलीच होती.

आम्ही सहाशे बहिणी एकाच कारखान्यात जन्मलो. लोखंडी पाय, काथ्याची गादी, वर लाल रेक्झिन. थिएटरातल्या खुर्चीची एक गोष्ट तुमच्या कधी लक्षात आली नसेल. आम्हाला दोन हात नसतात. एक आपला आणि दुसरा शेजारणीचा, असं रांगभर चालतं. माझा उजवा हात म्हणजे खरं तर ड-२ चा डावा हात. रांगेत होते तोवर हे मला कधी जाणवलंही नाही.

माणसांचं म्हणाल तर मी त्यांना पाठीकडून ओळखते. काहीजण बसल्याबरोबर चपला काढून पाय समोरच्या खुर्चीवर टाकायचे. एकानं माझ्या बैठकीखाली चिकटवलेलं च्युइंगगम बारा वर्षं तिथंच होतं. आणि पुरुषमाणसं रडताना खोकतात, हे मला फार लवकर कळलं.

पण माझी खरी गोष्ट दोनच माणसांची आहे. एक आमचे दारवाले आणि दुसरी त्यांची बायको.

दारवाले म्हणजे आमच्या थिएटरचे डोअरकीपर. उंच, किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट. चौतीस वर्षं ते त्या दारात उभे राहिले. मॅनेजर भारी कडक. एकदा खेळ सुटताना दारात चेंगराचेंगरी होता होता टळली होती, तेव्हापासून त्यानं नियमच करून टाकला. सिनेमा संपायला बारा मिनिटं उरली की दारवाल्यांनी बाहेर जायचं, सगळ्या दारांच्या कड्या काढायच्या, पटांगणातलं मोठं फाटक उघडायचं आणि गर्दी पांगेपर्यंत तिथंच थांबायचं. त्यामुळे या माणसानं हजारो वेळा सिनेमे पाहिले, पण शेवट एकाचाही पाहिला नाही.

शेवट त्यांना बायको सांगायची. ती घरी काजं-बटणं करायची. नवा सिनेमा लागला की पहिल्या शुक्रवारी, तीनच्या खेळाला, घरच्या माणसाला मिळणाऱ्या पासावर येऊन ती माझ्यावर बसायची. दाराजवळची जागा, म्हणजे नवरा हाताच्या अंतरावर. खेळ सुटला की लोक जायचे, ती मात्र बसून राहायची. मग दारवाले आत येत, कुणाची छत्री, कुणाचा चष्मा राहिलाय का ते बघत रांगा फिरत आणि शेवटी माझ्या पाठीवर हात टेकून उभे राहत.

“हं. काय झालं मग शेवटी?”

“अहो, आधी श्वास तरी घ्या,” ती म्हणायची आणि सांगायला लागायची.

सांगायची कशी! हातवारे करून, नायिकेचा पदर, खलनायकाची मिशी, सगळं सगळं. चहाच्या स्टॉलवाल्यानं मध्येच शेवट सांगायला तोंड उघडलं की दारवाले दोन्ही कानांत बोटं घालायचे. “थांब रे बाबा, मला घरून कळेल.” सुट्टीच्या दिवशी त्यांना आरामात बसून सिनेमा बघता आला असता. पण मग तिनं सांगायचं काय?

आता एक गुपित सांगते. ती शेवट बदलायची.

पहिल्यांदा बदलला तेव्हा मी चाटच पडले. सिनेमा दोन भावांचा होता. शेवटी धाकटा पुरात वाहून जातो, थोरला काठावर हाका मारत राहतो. अख्खं थिएटर खोकत होतं. पण त्याच महिन्यात दारवाल्यांचा सख्खा धाकटा भाऊ वारला होता. दिवस होऊन ते कामावर आले होते, तरी चेहरा उतरलेलाच. त्यांनी विचारलं, “काय झालं?” तिची बोटं माझ्या हातावर घट्ट आवळली गेली. मग म्हणाली, “वाचला हो. दोर टाकून थोरल्यानं ओढून काढला. दोघं घरी जाऊन गरम गरम जेवले.”

“बाहेर लोक डोळे पुसत होते ते?”

“आनंदानं हो. एवढंही कळत नाही का तुम्हाला?”

तो सिनेमा पंचवीस आठवडे चालला. पंचवीस आठवडे दारवाले खुशीत फाटक उघडत होते. त्यानंतर तिला सवयच लागली. मरणारे वाचायचे, ताटातूट झालेले भेटायचे. एकदा तर तिनं खलनायकाचंही लग्न लावून दिलं. मी सगळं पाहिलेलं आणि सगळं ऐकलेलं. पण माझ्या तोंडून हे बाहेर पडणार कसं?

तिनं पाहिलेला शेवटचा नवा सिनेमा तसा कुणाच्या लक्षात राहण्यासारखा नव्हता. मोठे नट नाहीत, गाणी नाहीत. तिला धरून हॉलमध्ये अकरा माणसं. पाय दुखतात म्हणून ती त्या दिवशी दोनदा थांबत थांबत आत आली होती. तिचं वजन किती उतरलंय हे डॉक्टरांच्या आधी मला कळलं होतं. सिनेमा एका वयस्क जोडप्याचा. बाई आजारी पडते, दूरच्या दवाखान्यात जाते, नवरा घरी एकटा तिची वाट बघतो. शेवटी काय झालं ते तिनं दारवाल्यांना नेहमीसारखंच सांगितलं. बाई बरी होऊन घरी परत येते. ते हसले. दोन महिन्यांनी ती स्वतः दवाखान्यात गेली आणि परत आली नाही.

त्याच वर्षी थिएटर बंद पडलं. नवा सिनेमा ज्या दिवशी लागतो त्याच दिवशी घरीही दिसायला लागला होता. लोक तरी कशाला येतील? मी कुणाला दोष देत नाही. घरी पाय वर घेऊन बसता येतं आणि समोरच्याचं डोकं मध्ये येत नाही. मालकानं कामगारांना सांगितलं, आठवण म्हणून कुणाला काय हवं ते न्या. कुणी घड्याळ नेलं, कुणी आरसा. दारवाले पाना घेऊन आले आणि माझे बोल्ट सोडवायला बसले. ड-२ पासून मला अलग केलं तेव्हा माझा उजवा हात तिच्याकडेच राहिला. सुतारानं मला लाकडी पाटावर ठोकून दिलं. तेव्हापासून मी अशी, एका हाताची.

दारवाल्यांची लेक दुसऱ्या गावी असते. एकदा आली आणि बापासाठी भिंतीवर हा एवढा मोठा टीव्ही लावून गेली.

“बाबा, आता दर शुक्रवारी नवा सिनेमा घरीच येणार. बटण दाबायचं, झालं.”

“घरी? मग दार कोण उघडणार?”

तिला वाटलं बाबा थट्टा करताहेत. थट्टा कसली! शुक्रवारी तीन वाजता दारवाल्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पडदे ओढले, सिनेमा लावला आणि खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. अर्ध्यावर सिनेमा थांबवून त्यांनी दहा मिनिटं मध्यंतर केलं. आणि बारा मिनिटं उरली तशी घराचं दार सताड उघडून ते बाहेर जिन्याशी गेले.

समोरच्या घरातल्या वहिनी डोकावल्या. “काका, कुणी यायचंय का?”

“नाही, खेळ सुटतोय,” दारवाले म्हणाले. वहिनींनी हळूच दार लावून घेतलं.

टीव्ही गप्प झाल्यावर ते आत आले. माझ्या पाठीवर हात टेकला आणि थांबले. बराच वेळ थांबले. मला त्या वेळी इतकं पोरकं वाटलं म्हणून सांगू! माझी बैठक मिटलेली, खोलीत दुसरं कुणी नाही, आणि हा माणूस शेवट ऐकायला उभा. मग त्यांनी लेकीला फोन लावला.

“नवा सिनेमा पाहिलास का गं? शेवटी काय झालं?”

“बाबा, थोडा मागे घेऊन बघा ना! त्याला काय लागतं?”

त्यांनी मागे घेतला नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच. घरात इतके सिनेमे आले, पण एकाचाही शेवट आला नाही.

मग लेक चार दिवस राहायला आली. बापाला खूश करावं म्हणून तिनं तो जुना दोन भावांचा सिनेमा शोधून लावला. बारा मिनिटं उरल्यावर दारवाले बाहेर निघाले, तशी ती आडवी आली. “आज दार मी बघते. तुम्ही बसा.” तिनं त्यांना दंडाला धरून पलंगावर बसवलंच.

मला तर धडकी भरली होती. पडद्यावर पूर आला. धाकटा गेला. थोरला हाका मारत राहिला.

“हे खोटं आहे,” दारवाले म्हणाले. “टीव्हीवाल्यांनी शेवट बदललाय.”

“सिनेमाचा शेवट कोण कशाला बदलेल, बाबा?”

“अगं, तो वाचतो! दोर टाकतात. तुझ्या आईनं स्वतः...”

दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. लेक आधी हसली, मग रडायला लागली. दारवाले नुसते माझ्याकडे बघत राहिले, मी कटात सामील असल्यासारखे. होतेच म्हणा मी.

लेक गेल्यावर दारवाल्यांनी सपाटाच लावला. रोज एक जुना सिनेमा काढायचे आणि नुसती शेवटची बारा मिनिटं बघायचे. खलनायक तुरुंगात जाताना पाहून त्यांना इतकं हसू आलं की ठसका लागला. “लग्न लावलंस होय गं त्याचं!” असं माझ्याकडे बघून म्हणाले. मलाही बरं वाटलं. वाटलं, चला, घरात पुन्हा बोलणं सुरू झालं.

आणि एका सकाळी त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी लेकीला फोन केला.

“तो आईनं शेवटचा पाहिलेला सिनेमा काढून दे मला. दवाखान्यात जाणाऱ्या बाईचा.”

लेकीनं तीन दिवस शोधला. सापडला नाही. एक आठवडा चाललेला सिनेमा, कुणी नेटवर कुठं चढवलाच नव्हता. कुणीतरी कुठंतरी ‘फारच संथ आहे’ एवढं लिहून ठेवलं होतं, तेवढंच हाती लागलं.

“सगळं घरी येतं म्हणालीस ना?” दारवाल्यांचा आवाज चढला. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

त्यांनी थिएटरच्या जुन्या ऑपरेटरलाही विचारून पाहिलं. तो म्हणाला, “मी कधी सिनेमा बघितलाय का? मी मशीन बघतो.”

मग एका दुपारी ते लेकीशी फोनवर हळू आवाजात बोलले. मी शेजारीच होते.

“दवाखान्यात नेताना मला म्हणाली, त्या सिनेमातल्या बाईसारखी परत येते की नाही बघा. मी निर्धास्त झालो गं. तिच्याशी नीट बोललोसुद्धा नाही, जाऊन लवकर ये म्हटलं. आता वाटतं, ती बाई मेलीच असेल. आईनं शेवट बदलला असेल. म्हणजे तिला सगळं माहीत होतं, आणि मला कळू नये म्हणून ती एकटीच...”

पलीकडून लेक म्हणाली, “मला नाही माहीत, बाबा.”

त्या दिवशी फोन ठेवून दारवाले माझ्याजवळ आले आणि पहिल्यांदाच माझ्यावर बसले. चौतीस वर्षांत कधी बसले नव्हते. डावा हात माझ्या हातावर ठेवला, उजव्याला ठेवायला जागा नव्हती म्हणून तो मांडीवर घेतला. मान खाली घालून विचारलं, “तू होतीस ना तिथं? काय झालं शेवटी?”

आता ते रोज बसतात आणि रोज विचारतात. नवे सिनेमे लावणं त्यांनी सोडून दिलंय. लेकीचा फोन आला तर जेवलो म्हणून सांगतात. प्रत्येक वेळी खरं असतंच असं नाही.

मला ठाऊक आहे. अहो, मला पक्कं ठाऊक आहे! त्या दिवशी सिनेमा संपला, दिवे लागले, दारवाले अजून फाटकाशी होते. ती माझ्यावर रेलून बसली, कपाळावरचा घाम पुसला आणि आपल्याशीच म्हणाली, “बरं झालं बाई. आज काही बदलावं लागलं नाही.” हे फक्त मी ऐकलंय. त्या सिनेमातली बाई खरंच बरी होऊन घरी येते. आमच्या बाईनं त्या दिवशी एक शब्दही पदरचा घातला नव्हता. दवाखान्यात जाताना ती नवऱ्याला फसवत नव्हती. आपण परत येऊ असं तिला मनापासून वाटत होतं, बस्स. पण रेक्झिनला आवाज कुठून आणू?

म्हणून तुम्हाला सांगतेय. तिच्याशिवाय त्या खेळाला दहा माणसं होती. मागच्या रांगेत दोघी मैत्रिणी होत्या. एक गृहस्थ पहिल्या अर्ध्या तासातच घोरायला लागले होते, पण शेवटाला जागे होते, मी पाहिलंय. मधल्या रांगेत एक नर्सबाई गणवेशातच येऊन बसली होती. तुमच्यापैकी कुणी त्यांतलं असेल तर घरबसल्या जरा आठवून बघा. दाखवायला तो सिनेमा कुणाकडे नाही, पण तुम्ही तो पाहिलाय. एक दिवस दुसऱ्या मजल्यावर या, बेल वाजवा आणि खुर्चीत बसलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाला एवढंच सांगा, की ती बाई घरी येते.