बॅटरीसाठी काढलेली शहाळी

आमच्या ह्यांचं नाव मी घेत नाही. नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत किहिमात नाही, आणि ज्याच्यापायी पद्धत मोडावी असं काही त्यांनी अजून केलेलं नाही. गाव त्यांना शिवदासशेठ म्हणतं. नारळ-सुपारीचा धंदा उभा केला माझ्या सासऱ्यांनी. ह्यांनी उभी केली ती फक्त फटफटी, तीही ओटीजवळच्या माडाला टेकवून.

फटफटी समुद्रावरच्या बंगल्यातल्या पारशी शेटजींची. ते मुंबईला कायमचे निघाले तेव्हा त्यांनी ती ह्यांच्या गळ्यात घातली, आणि ह्यांना वाटलं आपण शेटजींना फसवलं. पहिल्या लढाईनंतर कधीतरी विलायतेहून आलेलं ते धूड आमच्याकडे आलं तेव्हाच म्हातारं होतं. त्याची ठिणगी बॅटरीवर चालायची. शिमग्याच्या आधी बॅटरी मेली आणि फटफटी मुकी झाली. ह्यांच्या चेहऱ्यावर अशी अवकळा आली की दारावरून जाणाऱ्या बाईने विचारावं, कोण गेलं म्हणून.

मला त्या धुडाशी काही देणंघेणं नव्हतं. मला अलिबागच्या कोर्टात जायचं होतं.

माझ्या बापाला मुलगा नव्हता. बाप गेला, वाडी आईकडे आली; मग आई गेली, आणि ती माझ्याकडे आली. वाडी मोठी नाही. पण माझ्या जन्माच्या वेळी लावलेला माड तिच्यात आहे आणि आईने स्वतः पाणी ओढून जगवलेल्या सुपाऱ्या आहेत. माझा चुलतभाऊ बाळाजीदादा याने दावा लावला की त्याचा बाप आणि माझा बाप शेवटपर्यंत एकत्र होते, वाटण्या झाल्याच नाहीत, म्हणून वाडी त्याची. आम्ही म्हणत होतो, मी पाळण्यात होते तेव्हापासून दोन घरांच्या चुली वेगळ्या. हे कोर्टासमोर उभं राहून सांगायचं होतं मी. आमचे वकील दिनानाथराव यांनी निरोप धाडला होता, की दोन तारखा चुकल्या, आता चैत्रातली ही तारीख शेवटची. पुकारा झाला तेव्हा मी हजर नसले तर वाडी गेली म्हणून समजायचं.

मी म्हटलं, पहाटे उठून चालत जाते. तीन-साडेतीन कोस म्हणजे काय समुद्र ओलांडायचा आहे?

"घरात फटफटी असताना शिवदासची बायको पायी कोर्टात जाणार? लोक काय म्हणतील?" हे म्हणाले.

लोक काय म्हणत होते ते मला विहिरीवर रोज ऐकू येत होतं. फटफटी माडाला टेकलेलीच होती.

तर मग बॅटरी निवडणं सुरू झालं. मुलीला स्थळ बघताना आमच्याकडे एवढी चर्चा होत नाही. ओटीवर सुपारी फुटू लागली. तुळशीराम आले, ज्यांनी आयुष्यात बैलगाडीपलीकडचं वाहन हाकलेलं नाही. हरेश्वर आले, जे एकदा मोटारीत बसले होते आणि वाटेत ओकले होते. आणि बाळाजीदादासुद्धा आला. तुम्हाला नवल वाटेल, पण आमच्याकडे असंच असतं. कोर्टातलं भांडण कोर्टात, ओटीवरचा पानाचा डबा ओटीवर. दावा लावला म्हणून माणूस पान खायचं सोडत नाही.

निवडायला दोन बॅटऱ्या होत्या. एक मुंबईची, कोरी, ह्याच फटफटीच्या मापाची. ह्यांच्या तिथल्या भाच्याने ती रेवसच्या बोटीने पाठवली होती, पसंत न पडली तर परत करायच्या बोलीवर. हातभर तरी असेल असं ह्यांना वाटलं होतं. निघाली मिठाच्या बरणीएवढी.

"एवढ्याशा डबीत वीज मावंल कशी?" तुळशीराम म्हणाले.

"मुंबईवाल्यांनी फसवला पोराला," हरेश्वर म्हणाले.

दुसरी अलिबागच्या मोटारअड्ड्यावरच्या दयाराम मिस्त्रीची. सर्व्हिस मोटारीतून काढलेली, जुनी, काळी. ती उचलायला दोन गडी लागले. तिचं वजन पाहताच ह्यांचे डोळे चमकले. नारळ हातात जोखून घेणारा माणूस! वजनाला भरेल तो माल आणि हलकं ते पोकळ, एवढीच अक्कल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. ती नारळाला लागू पडते, म्हणून ती बॅटरीलाही लावली. मुंबईची कोरी बॅटरी परतीच्या बोटीत गेली आणि दयारामची अडगळ आमच्या ओटीवर आली. दयाराम जाताना इतका खूश होता की मला नमस्कार करून गेला.

जाता जाता तो एक सांगून गेला. आतलं पाणी कमी झालंय, भरायला हवं. पण विहिरीचं भरू नका, तुमच्या विहिरी मचूळ. ज्याला जमीन लागली नाही आणि भांडं लागलं नाही असं निर्मळ पाणी हवं. दवाखान्यात मिळतं, बाटली घेऊन या.

झालं! ओटीला पुन्हा काम मिळालं. जमीन न लागलेलं पाणी कुठलं? पावसाचं, हरेश्वर म्हणाले. पण चैत्रात पाऊस कुठून आणणार? मी आतून म्हटलं, "दवाखान्याचं म्हणाला ना तो? बाटली देते, धाडा गड्याला."

"बायकांना यातलं काय कळतंय," हे म्हणाले. आणि मग त्यांच्या तोंडावर ते तेज आलं, जे मी लग्नापासून घाबरून ओळखते. "अरे, नारळ! जमिनीवर हात-दोन हात न्हाय, चांगला चार पुरुष उंच. मानसाचा हात न्हाय, भांड्याचा डाग न्हाय. देवानं सील करून ठेवलेला पानी!"

ओटी धन्य झाली. तुळशीरामांनी मांडीवर थाप मारली. देवाच्या अभिषेकाला जे चालतं ते बॅटरीला न चालायला काय झालं, असं हरेश्वरांनी विचारलं. आणि बाळाजीदादा पानाला चुना लावत, आत माझ्याकडे बोट करून म्हणाला, "मंग केसरच्या वाडीतला विहिरीकडचा माड हाय ना, तांबड्या शहाळ्यांचा, त्याची काढा. त्याचा पानी पातळ. तसा माड अख्ख्या किहिमात दुसरा न्हाय."

दुसऱ्या दिवशी तांबडी शहाळी उतरली. बॅटरीला हळदकुंकू लागलं. एकेक बूच काढून आत शहाळ्याचं पाणी ओतलं गेलं आणि राहिलेली मलई शहाण्या मंडळींनी खाल्ली. आतून काहीतरी फसफसलं. "जीव आला," हे म्हणाले.

तारखेच्या दिवशी मी पहाटेच तयार होते. निघालो ऊन चढल्यावर, कारण बॅटरी एवढी मोठी की ती ठेवायची कुठे हे कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. शेवटी ती माझ्या बसायच्या जागी फळकुटांच्या पेटीत घालून काथ्याने बांधली, वर गोधडी टाकली, आणि तिच्यावर मी बसले. वाटेत पाणी कमी पडलं तर असू दे म्हणून दोन शहाळी माझ्या ओटीत दिली. गरोदर बाईची ओटी भरावी तशी मी बॅटरीवर बसून निघाले. सगळं गाव बघायला आलं होतं.

फटफटी सुरू झाली, खोटं कशाला बोलू. चोंढी मागे पडेपर्यंत ह्यांची मान ताठ होती. मग खाचखळग्यांत बुचांतून ते फसफसणारं तेजाब, बॅटरीतलं जाळणारं पाणी, उडू लागलं आणि माझ्या नव्या लुगड्याला भोकं पडू लागली. त्यानंतर फटफटी खोकली, दोनदा हुंदका दिला, आणि रस्त्याच्या मधोमध मेली. मी उतरले. बुचांतून आंबल्यासारखा वास येत होता.

"तहानली आसंल," हे म्हणाले. "शहाळं दे इकडं."

मी दिलं नाही. आईने विहिरीवर ओढलेल्या दोराचे तिच्या तळहातांवरचे वळ मला दिसत होते, आणि पुढ्यात हा माणूस बॅटरीला पाणी पाजायला बसला होता. "तुम्ही बसा हिच्यापाशी," मी म्हटलं, आणि चालू लागले. कोस-दीड कोस राहिला होता आणि सूर्य डोक्याकडे सरकत होता.

मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. बाळाजीदादाची गाडी. मी रस्त्याच्या कडेला झाले. त्याला फक्त पुढे निघून जायचं होतं. माझा पुकारा झाला असता, मी नसते, आणि वाडी त्याच्या पदरात पडली असती. बैलांचे कासरे ओढायचीसुद्धा गरज नव्हती.

त्याने गाडी थांबवली. "बस, केसर."

"तुझ्या गाडीत कशाला?"

"कोर्टात भांडायचा तो कोर्टात भांडू. रस्त्यात कशाला? लुगड्याची काय दशा झालीय तुझ्या! चढ."

मला त्याचा राग आला. ज्याने माझी वाडी राखायची तो मागे बुचं काढत बसलाय आणि ज्याने गिळायची तो मला गाडीत घेतोय, याचा राग आला. पण चढले. चढताना ओटीतलं एक शहाळं त्याच्यापुढे ठेवलं. "हे भाडं. फुकट न्हाय बसायची मी तुझ्या गाडीत."

तो हसला. कोयतीने शहाळं छाटलं आणि एका दमात प्यायला. "ग्वाड हाय," म्हणाला.

पुकारा झाला तेव्हा मी हजर होते. भोकांचं लुगडं सावरत पिंजऱ्यात उभी राहिले आणि चुली वेगळ्या होत्या हे सांगितलं. मग बाळाजीदादाचा वकील उठला. गुळगुळीत माणूस, खिडकीतून त्याने आम्हाला उतरताना पाहिलं होतं.

"बाई, आज कोर्टात कशानं आलात?"

"गाडीनं."

"कुणाच्या?"

"बाळाजीदादाच्या."

"वा!" तो जज्जसाहेबांकडे वळला. "चुली वेगळ्या, वाटे वेगळे, आणि गाडी मात्र घरचीच!"

लोक हसले. दिनानाथरावांनी कपाळाला हात लावला. माझ्या डोक्यात सकाळपासून साठलेली आग एकदम वर आली.

"घरची कशी? भाडं दिलंय मी. घरच्या गाडीला भाडं देतात काय तुमच्यात?"

"काय भाडं दिलं?"

"शहाळं. माझ्या आईच्या वाडीतलं, विहिरीकडच्या माडाचं. तांबडं. विचारा त्याला, प्यायलाय तो."

जज्जसाहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि मागे बसलेल्या बाळाजीदादालाच उभं केलं. शहाळं घेतलं का? घेतलं. कशाबद्दल? भाड्याबद्दल. मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "शहाळं कुणाचं होतं?"

त्याचा वकील खोकला. बाळाजीदादाने माझ्याकडे पाहिलं. ज्याने सकाळी गाडी थांबवली तोच माणूस उभा होता तो, दुसरा कोण असणार?

"तिचंच," तो म्हणाला.

निकाल मागाहून आमच्या बाजूने लागला, पण दिनानाथरावांनी तिथेच दप्तर बांधलं आणि मला म्हणाले, घरी जाऊन माडांना पाणी घाला.

बाहेर बाळाजीदादा बैल जुंपत होता. मी दुसरं शहाळं पुढे केलं. त्याने हात मागे घेतला. "परतीचा भाडा न्हाय घ्यायचो, केसर. म्हाग पडतो."

"घे," मी म्हटलं. "माझं हाय. कुणाला द्यायचं ते मी ठरवीन."

त्याने घेतलं.

परतताना हे तिथेच होते. फटफटीभोवती आता थळची चार शहाणी माणसं जमली होती आणि नवी बॅटरी निवडणं चालू होतं. गाडी जवळ आली तसे हे धावत आले. माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, ओटीकडे पाहिलं.

"शहाळं उरलं का गं?"

"न्हाय," मी म्हटलं. "हाक रे गाडी, बाळाजीदादा."

वाडीचं काय झालं हे त्यांनी मागून ओरडून विचारलं, तेव्हा गाडी वळणापलीकडे गेली होती. मनात म्हटलं, येऊ देत चालत.