ग्लासातली पट्टी

गेल्या डिसेंबरात अहिल्यानगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कंपोझिट पदार्थांवर परिषद भरली, तेव्हा पंकजा कडूच्या पर्समध्ये एक तपकिरी पट्टी होती आणि डोक्यात राग होता. उसाचं चिपाड आणि ते चिकटवणारं रेझिन एकत्र दाबून तिने तीन वर्षं खपून बोर्ड बनवला होता, त्याची ती पट्टी. वजनाला हलका, वाकवला तरी मोडायचं नाव नाही. आणि देवळाली प्रवरेच्या पोरीला चिपाडाची काय कमी?

घोळ तिथेच झाला होता. घराजवळच्या रसवंतीतून चिपाड आणायचं, उन्हात वाळवायचं आणि कामाला लागायचं. ते धुवायचं तिच्या मनातही आलं नाही. उसात जन्म गेला की चिपाडातला गोडवा जाणवेनासा होतो. मुंग्यांना तो जाणवला. प्रयोगशाळेत बोर्डाला मुंग्यांची रांग लागलेली दिसली, तेव्हा पंकजाने एक तुकडा पाण्यात टाकला. तो चहातल्या टोस्टसारखा फुगला. उरलेल्या साखरेने रेझिनची पकड बसू दिली नव्हती.

तिने ते सरळ स्लाइडवर घातलं. तिचे मार्गदर्शक यज्ञेश्वर सर म्हणाले, "ही स्लाइड काढ. कोरड्या चाचण्या उत्तम आल्यात, तेवढ्याच दाखव."

"सर, काकासाहेब या बोर्डाची छतं करणार आहेत. अंगणवाड्यांना."

"ते त्यांचं ते बघतील. तुला पीएचडी हवीय ना?"

राहात्याचे कारखानदार काकासाहेब परिषदेचे प्रायोजक होते आणि साचे मागवूनही बसले होते. प्रबंधावर सही सरांची लागणार होती. थोडक्यात काय, तोंड शिवून बसायचं. पंकजाच्या अंगाचा तिळपापड झाला.

परिषदेच्या सकाळी सरांनी ती स्लाइड स्वतःच्या हाताने उडवली.  उद्घाटनाआधी पंकजा व्यासपीठावर गेली, पाहुण्यांसाठी ठेवलेला एक पाण्याचा ग्लास उचलला, पट्टी त्यात उभी केली आणि ग्लास फुलदाणीमागे ठेवून दिला.

मग सत्कार सुरू झाले. आपल्याकडे विज्ञानालाही शाल पांघरल्याशिवाय बाहेर काढत नाहीत. प्रमुख पाहुण्यांना शाल, त्यांच्या सौभाग्यवतींना शाल, मांडववाल्याला नारळ. एका प्राध्यापकांना चुकून दोनदा पुकारलं आणि त्यांनी दोन्ही वेळा वाकून नारळ घेतला. एरवी पंकजा वैतागली असती. आज तिला वाटत होतं, आणखी चार जणांचा सत्कार होऊ दे.

तिची पाळी आली तेव्हा दुपार झाली होती. "दोनच मिनिटं हं," अध्यक्ष म्हणाले.

तिने स्लाइड लावल्याच नाहीत. ग्लास उंच धरला. पाणी गढूळ झालं होतं आणि पट्टी फुगून दुप्पट जाड. तिने ती बाहेर काढून चिमटीत दाबली, तसा लगदा टेबलावर पडला.

"सत्कार होईपर्यंत हिची ही गत झाली," ती म्हणाली. "या बोर्डाचं छत करू नका. पोरांच्या डोक्यावर पडेल."

"मॅडम, वेळ संपला," सर खुर्चीतून उठत म्हणाले. कुणीतरी माइक बंद केला. पंकजाचा आवाज उसाच्या फडात हाका मारून तयार झालेला. तिने बोर्ड का फुगतो ते माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत सांगितलं आणि मगच ती खाली उतरली.

काकासाहेब उठून टेबलापाशी गेले. लगदा बोटाने उकरून पाहिला.

"चिपाड धुतल्यावर टिकंल का?"

"माहीत नाही. करून बघायला वर्ष जाईल."

"आन् तवर माझ्या साच्यांचं काय करू?"

"गंजू द्या."

काकासाहेबांनी रुमालाला बोट पुसलं. मग ते गाडीकडे चालू लागले. ज्याच्यासाठी एवढी शोभा केली तो प्रायोजकच निघालेला पाहून यज्ञेश्वर सरांचा चेहरा उतरला. ते पंकजापाशी आले आणि दात आवळून म्हणाले, "तुझ्या प्रबंधावर आता सही कोण करतं, तेच बघतो."

"बघा सर," पंकजा ग्लास विसळता विसळता म्हणाली. "तोवर मी चिपाड धुते."