हार्परबाईंची सून

परदेशातल्या एका मेडिकल कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्र असतं, रसायनशास्त्र असतं आणि दोन माणसांचं छापील बोलणं असतं. ते वाचायचं आणि माणसाच्या मनात काय चाललंय ते चार पर्यायांतून ओळखायचं. पहिले दोन विषय मला येत होते. माणसं येत नव्हती.

सांगलीच्या क्लासमधल्या श्रद्धा मॅडमनी बजावलं होतं, "शिवतेज, रविवारच्या चाचणीत संवादात पास झालास तरच तुझं नाव पाठवणार."

आमचं घर कोरेगावात. आबा सुभेदार म्हणून रिटायर झालेले. त्यांनी सरावाचे कागद नकाशासारखे जमिनीवर पसरले आणि हुकूम सोडला, "ह्ये मनात वाचून जमायचं न्हाई. मी डागदर. तुजी आय पेशंट."

त्यामुळं रोज जेवणाआधी आमच्या सोप्यात डॉक्टर आणि मिसेस हार्पर बोलू लागले. मराठी मी करून द्यायचो. बाईंचा गुडघा दुखत होता. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या घेता का?" बाई म्हणाल्या, "कधी कधी विसरते."

प्रश्न असा की, बाईंची खरी अडचण काय?

आईनं कागद खाली ठेवला. "सून बघत न्हाई."

"सून कुठनं आली?"

"सून धड आसती तर म्हातारी गोळ्या इसरली आसती व्हय?"

शेजारच्या मनुबाई दारात बसून ऐकत होत्या. त्यांना हे पटलं. दुसऱ्या दिवशी त्या निरगुडीच्या तेलाची बाटली घेऊन आल्या. "हार्परबाईस्नी धाडा. म्हणावं, सुनंच्या हातात दिऊ नगा."

आबांनी बाटली हातात तोलली. पोस्टात तेल घेत नाहीत, असं गंभीरपणे सांगितलं. बाई छापील आहेत हे मनुबाईंना कुणीच सांगितलं नाही. मीसुद्धा नाही, कारण तोवर मलाही त्या सुनेचा राग यायला लागला होता.

क्लासात मी 'घरच्यांचं दुर्लक्ष' या पर्यायावर खूण केली.

"यात घरचे कुठं आहेत?" मॅडमनी विचारलं.

"लिहिलेले नाहीत मॅडम. पण सून..."

"कुणाची?"

मॅडम म्हणाल्या, "बाई विसरतात. उत्तर तेवढंच आहे."

घरी हे सांगितल्यावर आई दुखावली. आबा मात्र खुलले. "टेहळणीला ग्येलेल्या जवानानं दिसलं तेवढंच सांगायचं आसतं. टेकडीमागं काय आसंल ते न्हाई. आता बोलायच्या आदी ओळीवर बोट ठिवायचं. बोटाखाली ओळ नसंल तर गप."

आईनं पहिलं बोट ठेवलं ते 'मिसेस'वर. "लगीन झालंय. म्हंजी पोरगं आसणार. पोरगं म्हंजी सून."

आबांनी ते फेटाळलं. मनुबाईंनी चष्मा नाही म्हणून बोट ठेवायला नकार दिला आणि मत तेवढं कायम ठेवलं. मी मात्र बोट ठेवत राहिलो. चार दिवसांत सगळे कागद मेणचट झाले.

रविवारी सकाळच्या रेल्वेनं सांगली गाठली. चाचणीत एक वयस्कर गृहस्थ होते. डॉक्टर त्यांना ऑपरेशनबद्दल सांगत होते आणि ते म्हणत होते, "तुम्ही म्हणाल तसं." त्यांच्या मनात काय आहे?

माझ्या डोक्यात लगेच त्यांची जमीन आली. ती वाटून मागणारे दोन मुलगे आले. धाकट्याचं नाव जयराज असणार, इथपर्यंत मी पोचलो. मग कागदावर बोट ठेवलं. ओळीमागून ओळ फिरवलं. जमीन नव्हती. पण 'तेव्हा माणूस जागा असतो का?' हे गृहस्थांनी दोनदा विचारलं होतं. बोट तिथं थांबलं. ते घाबरले होते. बाकी काही नाही, एक माणूस घाबरला होता, आणि जमिनीच्या नादात मी त्याला ओलांडून चाललो होतो.

पेपर तपासून मॅडम म्हणाल्या, "नाव पाठवते."

स्टेशनवरून घरी फोन केला.

"आबा, पास झालो."

"बरं," आबा म्हणाले. मग, "जेवलास का?"

"भडंग खाल्लं."

"तिखट हुतं का रं?"

"हुतं जरा."

"पानी हाय न्हवं जवळ? थंड हाय का?"

आबा एरवी फोनवर गाडीची वेळ विचारतात आणि ठेवून देतात. आज ते भडंगात शेंगदाणे किती होते ते विचारत होते. माझी गाडी फलाटाला लागली, माणसं चढली, तरी ते फोन ठेवेनात. मीही तसाच डब्यात चढलो आणि शेंगदाण्यांबद्दल जेवढं आठवत होतं तेवढं सगळं सांगितलं.