पन्हळी आरसा

निवृत्त घड्याळजींना दगडांचं असं काही वेड लागलं, की कपडे धुण्याच्या जागेवर बायकोने केव्हाच पाणी सोडलं होतं. तिथे दगड घोळवून गुळगुळीत करायचं पिंप दिवसभर गडगडत असे.

आजचा दगड मात्र पिंपातला नव्हता. तो सासऱ्यांचा, त्यांच्या टेबलावर कागद दाबून बसलेला. काळ्या लोखंडी आणि तांबड्या पट्ट्यांचा, हाताला चांगलाच जड. सासरे गेले आणि दोघी लेकींचा जीव त्याच्यात अडकला. शेवटी ठरलं, दोन भाग करायचे.

"कापलेली बाजू घासून आरसा करून देतो, आरसा!" घड्याळजींनी छाती ठोकून सांगितलं. संध्याकाळी मेहुणी येणार होती. दगड बिघडला, तर बहिणींना तोंड कसं दाखवायचं?

देवाने खडकात घातलेली नक्षी आपल्या हातून विस्कटू नये, एवढं मागणं मागून त्यांनी दगड फिरत्या पात्याला लावला. वरून पाण्याची धार होतीच. बघता बघता पाणी लालभडक!

"अगंबाई, बोट गेलं!" बायको टॉवेल घेऊन धावली.

"बोटं जागेवर आहेत गं. लोखंड आहे त्यात, कापलं की असाच लाल गाळ निघतो."

"मग आधी सांगता येत नाही? माझा जीव जायचा बाकी होता!"

दगड सरळ चिरला गेला. घोडं अडलं ते चकाकीपाशी. दाबलेल्या लोकरीच्या मऊ चाकावर त्यांनी घाईत जोर लावला. तांबड्या पट्ट्या कडक, त्या झळकल्या. लोखंडी पट्ट्या त्यामानाने मऊ, त्या झिजून खाली बसल्या. आरसा कसला, पन्हळी पत्रा झाला! पुन्हा घासावं, तर दारावरची बेल वाजली.

"काय भावोजी, कुठंय आरसा?" मेहुणीने हात पुढे केला. वर्षभरात तिची नजर पार मंदावली होती.

"चुकलो. पट्ट्या वरखाली झाल्या. परत घासून देतो."

"थांबा हो." तिचा अंगठा दगडावरून सावकाश फिरला. "ही जाड... ही बारीक... ही मध्येच वाकलीय. ताई, तुझा अर्धा दे बघू."

दोन्ही भाग उघड्या पुस्तकासारखे शेजारी लावून ती एका पट्टीवरून बोट नेत सरळ ताईच्या भागात शिरली आणि खुदकन हसली.

"आरशात मला काय दिसणार होतं? माझंच तोंड, तेही धुरकट! इथे बाबांचा दगड कळतोय. खबरदार, पुन्हा घासाल तर!"

"त्यांना चढवू नकोस," बायको म्हणाली. "आता म्हणतील, मुद्दामच केलं."

घड्याळजींनी नेमकं तेच सांगायला तोंड उघडलं होतं. ते त्यांनी निमूट मिटलं.